पोथींतला एकांत

वय साठीच्या पुढें गेलें कीं माणसाच्या तोंडीं एक वाक्य वारंवार येऊं लागतें: “हा गलबला आतां सोसवत नाहीं.” रस्त्यावरचीं वाहनें, मांडवांतले ध्वनिक्षेपक, घरांतला दूरदर्शनसंच आणि ज्याच्या त्याच्या मुठींतला मोबाइल, ह्या सर्वांचा मिळून जो कोलाहल होतो त्यापासून दूर जावें, कपाटांतला एखादा जुना ग्रंथ काढावा, तंबोऱ्याच्या साथीनें चाललेला एखादा संथ ख्याल ऐकावा आणि जगाला जगाच्या ठिकाणीं राहूं द्यावें, असें पुष्कळांस वाटतें. सरकारनेंही ह्या दुःखाची दखल घेतली आहे. २००० सालीं केंद्र सरकारनें ध्वनिप्रदूषणाचे नियम केले. वस्तीच्या भागांत दिवसा ५५ आणि रात्रीं ४५ डेसिबल अशी आवाजाची मर्यादा ठरविली, आणि रात्रीं दहापासून सकाळीं सहापर्यंत उघड्या जागीं ध्वनिक्षेपक लावूं नये असा सामान्य दंडक घातला. नियम कागदावर आहे. कान मात्र उघडेच आहेत.

परंतु आज मी कायद्याविषयीं बोलणार नाहीं. मला जो प्रश्न पडतो तो असा: गलबल्यास कंटाळून जो मनुष्य जुन्या ग्रंथांकडे आणि जुन्या संगीताकडे वळतो, तो आपलें कर्तव्य टाकून पळतो काय? तरुण मंडळी तसें म्हणतात, आणि रात्रीं अंथरुणावर पडल्यावर आपलें मनही कधीं कधीं आपणांस तोच प्रश्न विचारतें. ह्याचें उत्तर नुसत्या तर्कानें देण्यापेक्षां इतिहासाच्या साक्षीनें द्यावें, हा शाळामास्तरांचा जुना स्वभाव. म्हणून मी आज अशा एका गृहस्थांचें चरित्र आपणांपुढें ठेवतों, कीं ज्यांनीं मुंबईसारख्या शहरांत राहून, चाळिशी उलटल्यावर, वकिलीचा धंदा सोडला आणि जुन्या पोथ्या व जुनें गाणें ह्यांत स्वतःस बुडवून घेतलें. त्यांचें नांव पंडित विष्णु नारायण भातखंडे.

भातखंड्यांचा जन्म १० ऑगस्ट १८६० रोजीं मुंबईस वाळकेश्वरीं झाला. त्या काळची मुंबई निवांत होती असें कोणीं समजूं नये. त्यांच्या जन्मापूर्वीं सातच वर्षें, १८५३ सालीं, बोरीबंदरापासून ठाण्यापर्यंत आगगाडी धांवूं लागली होती. कापसाच्या गिरण्यांचीं धुराडीं उभीं राहूं लागलीं होतीं. ते तेरा वर्षांचे असतांना, १८७४ सालीं, रस्त्यावर घोड्यांची ट्राम आली आणि १९०७ सालीं विजेची. १९०२ सालीं कलकत्त्यास गोहरजान ह्यांचें गाणें ग्रामोफोनच्या तबकडीवर उतरलें. २३ जुलै १९२७ रोजीं मुंबईंत नभोवाणीचें केंद्र सुरू झालें. सारांश, आज आपण ज्यास यंत्रयुगाचा गलबला म्हणतों, त्याची वाढ भातखंड्यांनीं आपल्या डोळ्यांनीं पाहिली आणि कानांनीं सोसली.

संगीताची स्थिति त्या वेळीं कशी होती? १८५६ सालीं इंग्रजांनीं अवधचें राज्य खालसा केलें. दुसऱ्याच वर्षीं बंड झालें आणि दिल्लीचा उरलासुरला दरबारही मोडला. ज्या दरबारांच्या आश्रयानें गाणें वाढलें होतें, त्यांतले दोन मोठे आधार असे वर्षादीडवर्षांत कोसळले. गवई आणि वाजविणारे पोटाच्या मागें लागून ग्वाल्हेर, जयपूर, रामपूर, बडोदें अशा संस्थानांत, आणि पुढें मुंबई-कलकत्त्यासारख्या व्यापारी शहरांत, विखुरले. विद्या तोंडीं होती. ती घराण्यांत बापाकडून मुलाकडे जाई, आणि मुलगा नसल्यास पुष्कळदां बापाबरोबरच जाई. उस्तादाच्या पोतडींतली एखादी दुर्मिळ चीज म्हणजे त्याची शेतजमीनच. ती तो फुकट कां वांटील? इकडे नवशिक्षित वर्ग मिल आणि स्पेन्सर वाचण्यांत गढलेला. गाणें म्हणजे रिकामटेकड्यांचा नाद, अशीच त्या वर्गांतल्या पुष्कळांची समजूत होती.

अशा काळांत भातखंडे १८८५ सालीं बी. ए. झाले आणि १८८७ सालीं एल्‌एल्. बी. झाले. कांहीं काळ कराचीस व पुढें मुंबईस त्यांनीं वकिली केली. परंतु शिक्षण चालूं असतांनाच त्यांनीं सतार हातीं घेतली होती. मुंबईंत पारशी मंडळींनीं १८७० सालीं ‘गायन उत्तेजक मंडळी’ नांवाची संस्था काढली होती. १८८४ सालीं भातखंडे तिचे सभासद झाले. तेथें रावजीबुवा बेलबागकर ह्यांच्याकडून त्यांस ध्रुपदें मिळालीं, आणि अली हुसेन ह्यांच्यासारख्या उस्तादांकडून ख्याल मिळाले. दिवसा न्यायालय आणि संध्याकाळीं मंडळी, असा त्यांचा क्रम कांहीं वर्षें चालला. मिळविता वकील आणि हौशी गाणारा, एवढीच त्यांची ओळख राहिली असती, तर आज त्यांचें नांव कोणास ठाऊक असतें कीं नाहीं ह्याची शंका आहे.

१९०० सालीं त्यांची पत्नी निवर्तली. १९०३ सालीं मुलगी गेली. घर रिकामें झालें. ह्यानंतर भातखंड्यांनीं वकिली सोडली, आणि उरलेलें सर्व आयुष्य संगीताच्या अभ्यासास वाहिलें. आपल्या पूर्वजांनीं वानप्रस्थ म्हणून जो आश्रम सांगितला, त्यांत मनुष्य संसार आटोपून वनांत जातो. भातखंड्यांचा संसार दैवानेंच आटोपला होता. ते वनांत गेले नाहींत, पोथ्यांत गेले. दुःखी मनुष्यास जुना ग्रंथ फार जवळचा वाटतो. त्याचें एक कारण असें असावें, कीं त्यांतलीं माणसें आपणांस सोडून जाऊं शकत नाहींत. एवढाच विसांवा त्यांनीं घेतला असता, तरी त्यांस नांव ठेवण्याचा अधिकार कोणासही नव्हता.

पण ह्या गृहस्थाच्या मनांत वकिलाची चिकित्सा जागी होती. गायक सांगत, “आमचें गाणें शास्त्रोक्त आहे.” वकील विचारीत, “कोणत्या शास्त्रांत? अध्याय कोणता?” ह्यावर उत्तर नसे. तेव्हां तें शास्त्र आपण स्वतःच शोधावें असें त्यांनीं ठरविलें. १८९६ सालीं त्यांनीं गुजराथ-काठेवाडाकडे एक प्रवास केलाच होता. आतां १९०४ सालीं ते दक्षिणेंत गेले. मद्रास, तंजावर, मदुरा, इट्टियापुरम्, त्रिवेंद्रम असा तो दौरा झाला. १९०७ सालीं नागपूर, हैदराबाद, कलकत्ता. १९०८ सालीं अलाहाबाद, काशी, लखनौ, आग्रा, दिल्ली, जयपूर, बिकानेर. जेथें पोथी असेल तेथें पोथी पाहावयाची, जेथें पंडित असेल तेथें त्यास प्रश्न विचारावयाचे, जेथें गवई असेल तेथें गाणें ऐकावयाचें, आणि रात्रीं रोजनिशींत सर्व टिपून ठेवावयाचें, असा त्यांचा नेम होता.

ह्या प्रवासांतलीं दोन ठिकाणें विशेष लक्षांत घेण्याजोगीं आहेत. पहिलें तंजावर. हें नांव मराठी माणसास परकें नाहीं. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी ह्यांनीं तेथें भोसल्यांचें राज्य स्थापिलें, आणि १८३२ सालीं वारलेले दुसरे सरफोजीराजे ह्यांनीं तेथील सरस्वती महाल ग्रंथालय मोठ्या प्रेमानें वाढविलें. ताडपत्रांवरचीं आणि कागदांवरचीं हजारों हस्तलिखितें तेथें आहेत. राज्य गेलें, फौज गेली. राहिलें तें ग्रंथालय.

दुसरें ठिकाण इट्टियापुरम्. तेथें मुत्तुस्वामी दीक्षितांच्या घराण्यांतले सुब्बराम दीक्षित राहत असत. आपल्या घराण्याची सर्व विद्या स्वरलिपींत उतरवून त्यांनीं ‘संगीतसंप्रदायप्रदर्शिनी’ हा प्रचंड ग्रंथ तयार केला, आणि तो १९०४ सालींच छापून निघाला. दीक्षितांचें वय त्या वेळीं पासष्ट होतें. दोनच वर्षांनीं ते वारले. श्रोतेहो, हा योग किती थोडक्यांत साधला पाहा! दोन वर्षें आधीं त्या वृद्ध गृहस्थांनीं डोळे मिटले असते, तर केवढी संपत्ति चितेवर गेली असती! व्यंकटमखीच्या सतराव्या शतकांतल्या ‘चतुर्दंडिप्रकाशिका’ ह्या ग्रंथाचा लाभ भातखंड्यांस झाला तोही ह्यांच्याच द्वारें.

व्यंकटमखीचा हिशेब मोठा सुंदर आहे. सप्तकांतले बारा स्वर घ्यावे. षड्ज आणि पंचम अचल ठेवावे. खालच्या अर्ध्या भागांत रिषभ-गंधारांच्या सहा जोड्या होतात, वरच्या अर्ध्या भागांत धैवत-निषादांच्या सहा. सहांनीं सहांस गुणिलें म्हणजे छत्तीस. आणि मध्यम शुद्ध किंवा तीव्र असा दोन प्रकारचा, म्हणून छत्तीस दुणे बहात्तर. कोणताही राग ह्या बहात्तर मेळांपैकीं एकांत बसलाच पाहिजे. गणिताच्या तासाला मुलांस सांगावें असें हें कोष्टक दक्षिणेंतील विद्वानांनीं सतराव्या शतकांतच बसवून ठेवलें होतें, आणि उत्तरेकडच्या गायकांस त्याचा पत्ता नव्हता.

इथवर सर्व सुरळीत झालें. आतां अडचणीचा भाग आला. भातखंडे जसजसे संस्कृत ग्रंथ वाचीत गेले, तसतसें त्यांच्या ध्यानांत येऊं लागलें कीं ग्रंथांतलें संगीत आणि कानांवर येणारें संगीत हीं एक नाहींत. तेराव्या शतकांत देवगिरीस, म्हणजे आजच्या दौलताबादेस, यादवराजा सिंघण ह्याच्या आश्रयानें शार्ङ्गदेवानें ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. सात अध्यायांचा हा ग्रंथ सर्व पंडितांच्या तोंडीं असे. पण त्यांत वर्णिलेला राग आज गाऊन दाखवा म्हटलें, तर कोणासही दाखवितां येत नसे. अहोबलाचा ‘संगीतपारिजात’ घ्यावा, तर त्याचें शुद्ध सप्तक आपल्या काफीसारखें निघतें. आणि आजचा प्रत्येक विद्यार्थी शुद्ध सप्तक म्हणून शिकतो तें बिलावलाचें. रागाचें नांव तेंच, आणि स्वर निराळे! ज्या विसांव्याच्या आशेनें मनुष्य पोथींत शिरला, तेथेंही वादच. खरें पाहतां जुने ग्रंथ हा शांत तलाव नव्हेच. तोही एक बाजार आहे, आणि त्यांतले व्यापारी शेंकडों वर्षांपासून एकमेकांशीं घासाघीस करीत आहेत.

अशा वेळीं मनुष्यापुढें दोन सोपे मार्ग असतात. पहिला, “ग्रंथ खरे, आजचे गवई अडाणी,” असें म्हणून दार लावून घेण्याचा. दुसरा, “ग्रंथ निरुपयोगी,” असें म्हणून ते माळ्यावर टाकण्याचा. माझ्या मतें भातखंड्यांचें मोठेपण हेंच, कीं ते ह्या दोहोंपैकीं कोणत्याही मार्गानें गेले नाहींत. त्यांनीं ठरविलें तें असें: आज चांगले गायक जें प्रत्यक्ष गातात त्यास ‘लक्ष्य’ म्हणावें, आणि शास्त्रानें त्या लक्ष्याच्या मागून चालावें. जुन्या ग्रंथांतून पद्धति घ्यावी, वर्गीकरण घ्यावें, नेमकेपणा घ्यावा. परंतु रागाचें रूप मात्र जिवंत गळ्यांतून घ्यावें. ह्या विचारानें त्यांनीं १९१० च्या सुमारास ‘लक्ष्यसंगीत’ हा ग्रंथ संस्कृतांत लिहिला, आणि त्यावर आपलें नांव न घालतां ‘चतुरपंडित’ एवढेंच घातलें. मग सामान्य वाचकासाठीं त्याचें विवरण मराठींत केलें. तो गुरु-शिष्यांच्या संवादाच्या रूपाचा ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ हा चार भागांचा ग्रंथ होय. हिंदुस्थानी संगीताच्या शास्त्राचें हें एवढें विस्तृत विवेचन प्रथम मराठी भाषेंत झालें, ह्याचा आपणांस अभिमान वाटावा. आणि तो आपल्यांपैकीं फारच थोड्यांनीं वाचला आहे, ह्याची खंतही वाटावी. बहात्तर मेळांतून त्यांनीं उत्तरेच्या प्रचारांतल्या रागांसाठीं दहा थाट निवडले: बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी आणि तोडी. आज कोणत्याही गांवांतला विद्यार्थी प्राथमिक परीक्षेस बसतो, तेव्हां हीं दहा नांवें पाठ म्हणतो.

लक्ष्यास मान द्यावयाचा, तर उस्तादांच्या पायरीवर बसणें प्राप्त होतें. येथें पोथीचा एकांत संपला आणि माणसांचा व्याप सुरू झाला. जयपूरचे महंमद अलीखां ह्यांच्या घराण्यांतल्या चिजा त्यांनीं त्यांच्या मुलांकडून मिळविल्या. रामपूरच्या दरबाराशीं संबंध जोडला. तानसेनाची परंपरा सांगणारे वजीरखां तेथें होते. कोणी प्रेमानें देई, कोणी संशयानें पाही. आपली जन्माची ठेव हा वकील कागदावर उतरवून बाजारांत मांडणार, ही भीति उस्तादांस वाटली असल्यास ती अगदींच खोटी म्हणतां येत नाहीं. कारण भातखंड्यांनीं पुढें तेंच केलें. सोपी स्वरलिपि बनवून ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांत त्यांनीं सुमारें अठराशें चिजा छापून टाकल्या. जें घराण्याच्या तिजोरींत होतें, तें चार-दोन रुपयांत कोणासही मिळूं लागलें.

ह्या कामावर आक्षेप पुष्कळ आले आणि अजूनही येतात. घराणेदार गायकांनीं म्हटलें, “आमची चीज अशी नाहीं.” मींड, आंदोलन, स्वरांतलें सूक्ष्म चढउतार हें सर्व लिपींत कसें मावणार, असा प्रश्न रास्त होता आणि आहे. कांहीं राग दहा थाटांत ओढूनताणून बसवावे लागतात, हेंही खरें. अलीकडच्या अभ्यासकांनीं आणखी एक दोष दाखविला आहे: ज्या मुसलमान उस्तादांकडून विद्या घेतली, त्यांच्या ग्रंथज्ञानाच्या अभावाविषयीं भातखंडे कठोर लिहितात, पण कंठांतलें ज्ञान हेंही ज्ञानच, ह्याचें माप त्यांनीं पुरेसें पदरांत घातलें नाहीं. हे आक्षेप मी झांकून ठेवीत नाहीं. मात्र एक प्रश्न विचारतों: न लिहिलें असतें तर त्या अठराशें चिजांपैकीं किती आज आपल्या कानीं आल्या असत्या? लिहिलेली चीज अपुरी असते. हरवलेली चीज अपुरीही नसते.

पुढचा भाग सर्वांस ठाऊक आहे. १९१६ सालीं बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयानें पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. त्यानंतर १९१८ सालीं दिल्लीस, १९१९ सालीं काशीस आणि पुढें लखनौस परिषदा झाल्या. १९१८ सालीं ग्वाल्हेरींत माधव संगीत विद्यालय निघालें; १९२६ सालीं लखनौंत मॉरिस कॉलेज निघालें, आणि तेंच आज भातखंड्यांचें नांव धारण करणारें विद्यापीठ आहे. अखेरचीं तीन वर्षें ते आजारानें अंथरुणास खिळून होते. १९ सप्टेंबर १९३६ रोजीं ते वारले. ज्या मनुष्यानें १९०३ च्या सुमारास जगाकडे पाठ फिरविली असें वाटलें होतें, त्याच्याभोवतीं पुढें राजे, नबाब, उस्ताद, पंडित आणि शेंकडों विद्यार्थी जमले.

ह्या चरित्रांत एक गंमत आहे, ती माझ्या मतें मुद्द्याची आहे. भातखंडे तंजावरास गेले ते कशानें? आगगाडीनें. जिच्या धडधडाटानें माणसाची झोंप मोडते, त्याच आगगाडीनें त्यांस पोथीपर्यंत नेलें. टपालानें त्यांचा पत्रव्यवहार पोंचविला. छापखान्याच्या यंत्रांनीं त्यांचे ग्रंथ घरोघर नेले. ज्या तबकडीस जुने गवई भीत, तिच्यामुळेंच १९३७ सालीं वारलेल्या अब्दुल करीमखांचा आवाज आजही आपणांस ऐकूं येतो. आणि माझे हे चार शब्द आपल्या घरांत येतात, तेही ध्वनीच्या यंत्रांतूनच. गलबला आणि एकांत हे सख्खे शेजारी आहेत. त्यांच्यामधली भिंत माणसानें स्वतः बांधावयाची असते, आणि तिला दार ठेवावयाचें असतें.

भातखंडे हे एकटेच असे झाले असें नाहीं. त्यांच्याहून तीनच वर्षांनीं लहान असलेले विश्वनाथ काशिनाथ राजवाडे ह्यांचेंही चरित्र ह्याच जातीचें. तारुण्यांतच पत्नी वारली. त्यांनीं पुन्हां संसार मांडला नाहीं. गांवोगांव पायपीट करून, वाड्यांच्या माळ्यांवरचीं, कसर लागलेलीं दप्तरें त्यांनीं धुंडाळलीं. आणि १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ ह्या मालेचे बावीस खंड महाराष्ट्राच्या हातीं दिले. पुण्याचें भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० सालीं निघालें तें त्यांच्याच प्रेरणेनें. संगीतांत भातखंडे आणि इतिहासांत राजवाडे, दोघेही जुन्या कागदांत रमले. पण तेथें ते निजले नाहींत.

आतां मूळ प्रश्नाकडे येतों. जुन्या ग्रंथांत आणि जुन्या गाण्यांत रमणें हें पळून जाणें आहे काय? माझें उत्तर असें, कीं तें आपण आंत काय घेऊन जातों ह्यावर अवलंबून आहे. जो केवळ कंटाळा घेऊन जातो, त्यास तेथें पांचदहा दिवस बरें वाटतें. मग जुना ग्रंथही त्यास गलबल्यासारखा वाटूं लागतो. जो दुःख घेऊन जातो, त्यास सांत्वन मिळतें, आणि तें त्यानें अवश्य घ्यावें. पण जो प्रश्न घेऊन जातो, त्यास तेथें काम मिळतें. आणि वय झालेल्या माणसास कामाइतकें दुसरें औषध नाहीं. भातखंड्यांनीं दुःख आणि प्रश्न हीं दोन्हीं बरोबर नेलीं होतीं. दुःखाचें काय झालें हें त्यांचें त्यांस ठाऊक. प्रश्नाचें फळ आपण सर्व चाखीत आहों.

येथें कोणी म्हणेल, “गुरुजी, भातखंडे आणि राजवाडे हे मोठे पुरुष. आम्हीं पेन्शनवर बसलेल्या माणसांनीं काय करावें?” शंका योग्य आहे. मीही मॅट्रिकच्या पुढें न शिकलेला मनुष्य. संस्कृत ग्रंथांची मीमांसा करण्याचा माझा अधिकार नाहीं. परंतु वर्गांत इतिहास शिकवितांना एक गोष्ट मला दिसून आली. मुलांस पानिपतचें साल पाठ असे, पण आपल्या पणजोबांचें नांव सांगतां येत नसे. आपल्या घरांत, आळींत, गांवांत असें पुष्कळ कांहीं आहे कीं जें एकाच माणसाच्या तोंडीं उरलें आहे. आजीस येणाऱ्या जात्यावरच्या ओव्या, देवळांतल्या वृद्ध बुवांच्या भजनाच्या चाली, गोंधळ्याच्या पदांचे पाठ, पेटींतला मोडी कागद, ग्रामदैवताच्या उत्सवाचा जुना क्रम. इट्टियापुरच्या दीक्षितांप्रमाणें त्यांचे धनीही आज पासष्ट-सत्तरीचे आहेत. त्यांच्यापाशीं जाऊन बसावयास विद्वत्ता लागत नाहीं. सवड लागते, आणि ती आपल्याजवळ आहे. लिहून घ्यावें, ज्या मोबाइलचा आपणांस त्रास होतो, त्यांतच चाल ध्वनिमुद्रित करावी, नातवाकडून त्याचें तंत्र शिकून घ्यावें. तेवढ्या निमित्तानें नातूही जवळ बसेल.

हें करतांना भातखंड्यांचा एक नियम ध्यानांत ठेवावा. जें ऐकूं येतें तें जसेंच्या तसें लिहावें. पुस्तकांत निराळें आहे म्हणून ओवी सुधारूं नये. आणि कोणाकडून मिळालें त्याचें नांव खालीं घालावें. घेणाऱ्याच्या वहीवर देणाऱ्याचें नांव नसलें, तर देणाऱ्याचा हात आंखडतो. उस्तादांचा आंखडला होता तो कांहीं अंशीं ह्याच भयानें.

संध्याकाळचा गलबला उद्यांही असाच असेल. मांडव उठेल आणि दुसरा पडेल. खिडकी लावावी, तंबोरा लावावा, पोथी उघडावी. त्यांत लाज वाटण्याजोगें कांहीं नाहीं. फक्त पोथीशेजारीं एक कोरी वही आणि लेखणी ठेवावी, आणि आठवड्यांतून एक दिवस ती बगलेंत मारून शेजारच्या आळींतल्या त्या म्हाताऱ्या बुवांच्या दारीं जावें. त्यांचा आवाज बसण्यापूर्वीं जावें, एवढीच विनंती.